स्टिका पूजेत, पोरी मैदानात

मिरज स्टेशनवर आई रडली नाही, चिडली. "परमुलखात जाऊन करणार काय? पोरी पळवणार?" शेजारच्या बाकावरचा माणूस दचकलाच. मी म्हैसूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून निघाले होते.

मिरजेत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेल्यांनो, पहिलं वर्ष मी नुसतं ओरडण्यात घालवलं. हॉकीत बचाव शिकवायचा म्हणजे धीर शिकवायचा, आणि माझ्या पोरी महाउतावळ्या. समोरून कुणी चेंडू घेऊन आली की स्टिक परजत अंगावर धावायच्या; ती अलगद बाजूने निघून जायची. सात-सात गोल खायचो. शेवटी हेडमास्तरांनी बजावलं, दसऱ्यानंतरचा सामनाही हरलात तर मुलींचा संघ बंद.

आणि नेमकी आयुधपूजा आडवी आली. आमची कॅप्टन गौरा लष्कर मोहल्ल्यातली, जुन्या शिपायांच्या मराठी घराण्यातली. तिच्या वडिलांनी पणजोबांच्या तलवारीशेजारी सगळ्या स्टिका मांडल्या, माझीसुद्धा. मी हात पुढे केला तर म्हणाले, "बेडा टीचर, नको. पूजेचं आयुध आज हलवायचं न्हाई. नाळे घ्या." नाळे म्हणजे उद्या. उद्या दशमी, सगळं गाव मिरवणुकीला; परवा सामना. सरावाला उरला तो आजचाच दिवस. मी धुमसले. पण खंडेनवमीला आमच्याकडेही बाबांचे पाने-हातोडे पूजेत असायचे आणि आई म्हणायची, "हत्यारालाही एक दिवस विसावा हवा."

मग रिकाम्या हातांनीच पोरींना मैदानात नेलं. हात पाठीमागे बांधायला लावले. एकीने पळत यायचं, दुसरीने वाकून मागे सरकत तिला आपल्या उजवीकडच्या, मैदानाच्या कडेच्या रेषेपर्यंत न्यायचं. हातच नाहीत म्हटल्यावर पाय चालवावे लागले.

"सुम्ने नुसतं मागं मागं यायचं, टीचर?" गौरा वैतागली.

"हो. घाई तिला करू दे."

सामन्यात शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गोलने पुढे होतो. त्यांची सगळ्यात चपळ पोरगी सुटली, मध्ये एकटी गौरा. गौरा धावली नाही. वाकली, मागे सरकली, आणखी सरकली, तिला रेषेकडे नेत राहिली. जागा संपली तशी त्या पोरीने घाई केली, चेंडू जरा पुढे गेला आणि गौराने स्टिक आडवी टाकून तो अडवला. शिट्टी झाली. जिंकलो! संघ राहिला! मी भर मैदानात नाचले.

गर्दीत कुणीतरी विचारलं, ही टीचर कुठली? गौराचे वडील ठणकावून म्हणाले, "नम्म टीचर, आमचीच. लष्कर मोहल्ल्याची."

मी मिरजेचीच आहे, आई. पण त्या दिवशी ते खोडून काढायला माझी जीभ वळली नाही.