कवठ्याला न्यायचा निरोप

सकाळच्या डेमू गाडीने पुणे सोडलं तेव्हा आभाळ भरून आलं होतं. उरुळी, यवत, केडगाव मागे पडलं. पाटसनंतर रुळांना फाटे फुटू लागले, तसं दौंड जवळ आल्याचं कळलं.

माझे भानुमामा याच गावात, रेल्वेच्या चाळीत जन्मले. इथेच गँगमन (रुळांची देखभाल करणारे कामगार) म्हणून लागले आणि इथूनच निवृत्त झाले. नोकरीत असतानाच त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतलं होतं, कुणी न सांगता. रुळांवर सापडलेल्या ज्या प्रेताला वारस मिळत नसे, त्याला पोलिसांचे सोपस्कार संपल्यावर मामा माती देत. भीमेच्या काठी स्वतः खड्डा खणत, उशाशी एक दगड ठेवत आणि घरी येऊन त्या माणसाचं वर्णन वहीत लिहीत.

मामा काठी टेकत ठेसनावर (स्टेशनवर) आले होते. "सुमे, उद्या माझ्यासंगं कवठे येमाईला चल," ते म्हणाले. "गुडघं साथ देत न्हाईत. आन् एकट्यानं जायचं धाडस बी हुईना."

घरी गेल्यावर त्यांनी वही उघडून दाखवली. आठ वर्षांपूर्वीची नोंद होती: उजव्या हातावर 'हिरा' असं गोंदलेलं, डाव्या पायाला करंगळी नाही. कवठ्याच्या हिराबाईंचा नवरा तेव्हाच घरातून निघून गेला होता. त्यांचा पुतण्या दौंडात दुकानावर कामाला; मामांच्या वहीबद्दल पोलिसांकडून ऐकून तो चौकशीला आला आणि खुणा जुळल्या. पण चुलतीला सांगायचा त्याला धीर होईना.

"फोनवर सांगायची गोष्ट न्हाई ही," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने भाड्याची जीप आणली. न्हावऱ्याच्या अलीकडे चाक पंक्चर झालं आणि तासभर उसाच्या कडेला बसावं लागलं. शिरूरला मी आणि पुतण्याने मिसळ खाल्ली; मामांनी नुसता चहा घेतला.

हिराबाई कांद्याच्या वावरात (शेतात) खुरपत होत्या. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. अनोळखी म्हाताऱ्यासोबत पुतण्याला पाहून त्यांनी खुरपं खाली ठेवलं.

"सापडलं व्हय?" त्यांनी विचारलं.

मामा बांधावर बसले आणि सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही, काही वाढवलंही नाही. हिराबाई मधे एकदाच बोलल्या, "तोंडात पाणी घातलं का?"

"घातलं, ताई. मीच घातलं."

त्यांनी खुरपं उचलून त्याची माती पुसली. मग घरात जाऊन लुगडं बदलून आल्या. "आबा, मला जागा दाखवा."

दौंडला पोचेस्तोवर ऊन कलंडलं होतं. रुळांच्या पलीकडे, नदीच्या अंगाला ती पट्टी होती. गुडघे दुखायला लागल्यापासून मामा दोन वर्षं तिकडे फिरकले नव्हते. पायवाट संपली आणि ते थबकले. मधल्या काळात पुराचं पाणी येऊन गेलं होतं. सगळीकडे गाळ, त्यावर वेड्या बाभळी. एकही दगड जागेवर नव्हता.

मामा काठीने गाळ टोचत पुढे गेले. "हितं असंल... न्हाई, त्या वळणापाशी." काटे ओरबाडत होते, तरी थांबेनात. मी हात धरला तर त्यांनी तो सोडवून घेतला.

"आबा, नक्की सांगा," हिराबाई म्हणाल्या.

मामांनी कुठेही बोट दाखवलं असतं, तरी त्या माउलीने तिथे डोकं टेकलं असतं. मामांनाही ते कळत होतं.

"खोटं कसं सांगू, ताई? न्हाई सापडत."

"आठ वर्षं ते कुठं हायेत ठावं न्हवतं. आजबी न्हाईच की." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकवेना. पुतण्या हळूच बांगड्यांबद्दल काहीतरी बोलला. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "जागा बघितल्याबिगर न्हाई उतरवायच्या," असं म्हणून त्या जीपकडे चालू लागल्या.

घरी आल्यावर मी मामांच्या हातातले काटे काढले. "दगडावर भरवसा ठिवला," ते म्हणाले. "रुळापासनं किती पावलं, एवढं जरी लिवलं असतं..."

परतीच्या गाडीत आजूबाजूला लोक भेळ खात होते, फोनवर बोलत होते. मी मात्र मामांचाच विचार करत होते. ज्यांना कुणी हात लावला नाही, अशा किती जणांना त्यांनी आयुष्यभर माती दिली. गावाने त्याबद्दल त्यांना कधी काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे जागा विचारायला एकच बाई आली, आणि तिला रिकाम्या हाताने परत जावं लागलं. मामा उरलेले दिवस तेवढंच आठवत बसतील, आणि त्यांची समजूत कशी घालावी हे मला पुणं येईपर्यंत सुचलं नाही.