लिलावातलं हिरवं बोट

कुडाळच्या आठवडी बाजारात मी विधवांच्या बांगड्या फोडण्याविरुद्ध पत्रकं वाटत होते. शेजारी नेलआर्टवालीपुढे मालवणची एक मासेवाली बोटं पसरून बसली होती. मनगटं मोकळी.

सोबतची जाऊ कुजबुजली, "घोव मेलो तुझो, आणि हिरवो रंग लावतंस? लोक काय म्हणतले?"

नेलआर्टवालीने तोडगा काढला. "ह्यो चुंबकाचो रंग. समोरून काळो, हात तिरको केलो काय हिरवो. कोणाक कळाचा नाय."

"लपवूचा असता तर इलंय कित्याक असतंय?" मासेवाली म्हणाली. "चुंबक नीट धर गो. हिरवो समोर येऊक होयो. उद्या बंदरावर लिलावात ह्याच बोट वर करतलंय."

ओल्या रंगावर चुंबक धरला, तशी काळ्यातून हिरवी रेघ वर आली.

ज्यांना ती खुपेल, त्यांनी डोळे मिटून बोली लावावी.