मिनादोराच्या वाटचा चेंडू

आमच्या गुरियात, म्हणजे जॉर्जियाच्या पश्चिमेकडल्या मुलखात, ईस्टरच्या चेंडूला नियम म्हणाल तर एकच. कुणी खाली पडला आणि हात वर झाले, की थांबायचं. बाकी एकीकडं वरचं गाव, दुसरीकडं खालचं, आणि सोळा किलोचा चेंडू जो आपल्या ओढ्यापलीकडं नेईल तो जिंकला. किती माणसं खेळतात? घरात बसली नाहीत तेवढी! जिंकणारे तो चेंडू आपल्या गावातल्या कुणाच्या तरी थडग्यावर नेऊन ठेवतात.

तो चेंडू अडतीस वर्षं परमेननं शिवला. आमच्या वरच्या गावचा, जोडे शिवणारा, एका पायानं अधू, त्यामुळं गर्दीत कधी उतरला नाही. कातड्यात तो माती ठासायचा आणि वर वाइन ओतायची त्याची बायको, मिनादोरा. ही खालच्या गावची लेक, आणि जिभेची अशी तिखट की काय सांगू! लग्न होऊन म्हातारी झाली तरी ईस्टरला खालच्यांच्याच नावानं ओरडायची. आम्ही हरलो की नवऱ्याला म्हणायची, "तुमच्या गावात माणसं आहेत की कोंबड्या?" तो बिचारा हसायचा.

यंदा ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत ती गेली. आमच्याच दफनभूमीत पुरलं तिला. वाइन परमेननं एकट्यानं ओतली, निम्मी सांडली, आणि मला हाक मारली.

"एल्गुजा, आजवर काही मागितलं नाही तुमच्याकडं. यंदाचा चेंडू तिच्यासाठी आणा."

"आणतोच, परमेनकाका," मी म्हणालो.

पाच वाजता पाद्र्यानं चेंडू फेकला. अरे बापरे, काय ती गर्दी! शेकडो माणसांचा एकच गोळा, वर वाफ, आत श्वासाला जागा नाही. कुंपणं आडवी झाली. मी दोनदा चेंडूला हात लावला आणि दोनदा चिखल खाल्ला. सूर्य बुडता बुडता खालच्यांचा खाटीक, ओतिया, चेंडू छातीशी धरून त्यांच्या ओढ्यापलीकडं धपकन पडला. संपलं. परमेन चर्चच्या पायरीवर बसला होता. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात खालचं अख्खं गाव चेंडू घेऊन आमच्याच रस्त्यानं वर येताना दिसलं. माझं डोकंच फिरलं. जिंकले ते जिंकले, वर चिडवायला येतात? आम्ही रस्ता अडवला. मी ओतियाची कॉलर धरली.

"ने तुझ्या बापाच्या थडग्यावर! इकडं काय काम?"

"हात काढ, गाढवा," तो म्हणाला. त्याचा ओठ फाटला होता. "आमची पोरगी आहे तुमच्याकडं."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्याची कॉलर सोडली. जिंकलेला चेंडू कुणी दुसऱ्याच्या गावात नेलेला मी तरी जन्मात पाहिला नव्हता. आम्ही बाजूला झालो, टोप्या काढल्या. चिखलानं माखलेली दोन गावं एकाच रस्त्यानं निघाली, आणि एवढ्या माणसांत आवाज म्हणून नाही.

मिनादोराच्या थडग्यापाशी ओतियानं चेंडू परमेनच्या हातात दिला. परमेननं तो वाकून तिच्या मातीवर नीट टेकवला.

"जिंकलीस गं," तो म्हणाला.

मग त्या अधू म्हाताऱ्यानं टोपी उंच धरली आणि तिला आता ओरडता येत नव्हतं म्हणून, आमच्या सगळ्यांच्या देखत, तो खालच्या गावाच्या नावानं घसा फुटेस्तोवर ओरडला.