बाबांच्या बॅनरवर बाबा कुठे?

मंडळी, आज आमच्या बाबांची शोकसभा होती, धामणगाव बढेजवळच्या आमच्या गावात. बाबा निवृत्त फौजी. परत येऊन शेती केली, आम्हा बहिणींना शिकवलं, सरपंच झाल्यावर गावात नळ आणले. पाण्याच्या टाकीवर स्वतःचं नाव मात्र लिहू दिलं नाही.

सभेच्या बॅनरवर हात जोडून हसणारे पुढारीच पुढारी. बाबा खाली कोपऱ्यात, तिकिटाएवढे.

आई उठली. "मेलं कोन बे? हे सारे, का माह्या घरचा मानूस?"

बॅनर लावणारा पक्षाचा कार्यकर्ता गडबडला. "काकू, साहेब येऊन राह्यले."

"येऊ दे. सतरंजी मोठी हाये."

तिनं बॅनर उतरवला आणि पुढारी साहेबांसाठी मांडलेल्या खुर्चीवर बाबांचा वर्दीतला फोटो ठेवला. साहेब आले, सतरंजीवर बसले.

तुमच्या गावात मेलेल्या माणसापेक्षा मोठा फोटो कोणाचा लागतो? अन् तो उतरवायला कोण उठतं?