शिळ्या सणाची तिथी

आत्याला एकच गोष्ट हवी होती: तिच्या वडिलांच्या मरणाची तिथी. "माझे डोळे मिटायच्या आत शोधून दे," ती ठाण्याहून फोनवर म्हणायची. "दहा माणसं जमवून त्यांच्या नावाने काद्दिश म्हणवून घेते." आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी यहुदी. काद्दिश ही गेलेल्यांसाठीची प्रार्थना. ती दरवर्षी त्या माणसाच्या तिथीला म्हणायची आणि तिला दहा पुरुष लागतातच. तिथीच माहीत नाही तर म्हणणार कधी? आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कारकुनी करायला इथे सिंगापूरला आले, जपान्यांनी शहर घेतलं आणि पत्रं थांबली. आजीने मरेपर्यंत मंगळसूत्र काढलं नाही. काढ असं तिला कोणी कळवलंच नव्हतं.

दोन हजार सालानंतर मी बँकेच्या नोकरीसाठी इथे आले, टॅम्पिनीसला फ्लॅट घेतला आणि आत्या हात धुऊन मागे लागली. "तू तिथेच आहेस ना!" जसं काही आजोबा खालच्या हॉकर सेंटरमध्येच जेवत बसले होते. दोन वर्षं रविवार आला की मी एमआरटीच्या ट्रेनने शहरात जाऊन जुन्या नोंदी उपसत होते.

ज्यूंच्या एका कार्यालयातल्या बाईने आमचं 'कर'ने संपणारं गावाचं आडनाव वाचलं आणि फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. "हे ज्यू नाव नाही, लाह," ती इथल्या ढंगात म्हणाली. "इंडियन लोकांना विचारा." इंडियन लोकांच्या एका मंडळात सेक्रेटरीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ज्यू? मग ते आपले कसे?" धड इकडचे नाहीत, धड तिकडचे नाहीत! माझं डोकं सणकलं. मी परत ज्यूंच्या त्या कार्यालयात गेले आणि इतकी भांडले की दारावरच्या रखवालदाराने मला बाहेर नेलं आणि हळूच एक पत्ता दिला. तोआ पायोहमधले एक म्हातारे ज्यू गृहस्थ लहानपणी वडिलांबरोबर जपान्यांच्या कैदी छावणीत होते.

त्यांनी दार उघडलं, कॉफी दिली आणि म्हणाले, "आडनाव राहू द्या. त्यांचं नाव आणि त्यांच्या वडिलांचं नाव सांगा."

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. "होते आमच्या बराकीत."

मला स्वतःला चार शिव्या हासडाव्याशा वाटल्या. आमच्यात प्रार्थनेत माणसाचं नाव आणि बापाचं नाव, एवढंच घेतात. गावाचं आडनाव शेजाऱ्यांसाठी आणि सरकारसाठी. छावणीच्या दारात आजोबांनी प्रार्थनेतलं नाव लिहिलं होतं आणि मी दोन वर्षं सरकारी नाव शोधत बसले होते.

"त्यांना कोणी पकडून आणलं नाही," म्हातारे म्हणाले. "ज्यूंनी हजर व्हावं असा हुकूम निघाला. इंडियन लोकांना तसं आत टाकत नव्हते. गावाचं आडनाव सांगितलं असतं तर हिंदू म्हणून सुटले असते. पण स्वतः चालत आले."

आता मला आजोबांचाच संताप आला. घरी बायको, दोन पोरं, आणि हा माणूस आपण कोण ते सांगायला चालत गेला! कोणी सांगितला होता हा उद्योग?

"मग प्रार्थनेला तुमच्यातच बसत असतील," मी म्हणाले.

म्हाताऱ्यांनी कप खाली ठेवला. "आमचे वडीलधारे त्यांना दहांत मोजत नसत. म्हणायचे, हा अर्धा हिंदू, याचं काय खरं? कधी कधी नऊच जण जमायचे आणि दहाव्याची वाट बघत उभे राहायचे. मला तेरावं वर्ष पुरं झालं नव्हतं म्हणून मीही मोजणीत नव्हतो. आम्ही दोघं मागे बसायचो. त्यांना सगळं पाठ होतं. मला त्यांनीच शिकवलं."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"पोर होतो मी." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दया आली नाही. त्यांची चूक नव्हती हे कळत होतं, तरी आली नाही.

"कधी गेले?"

"मोठ्या उपासाच्या दुसऱ्या दिवशी. तिथे रोजच उपास, तरी तो त्यांनी पाळला होता."

"काद्दिश म्हटली कोणी?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मोठा उपास म्हणजे दारं लावून घेऊन पाळायचा आमचा दारफळणीचा सण. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. आमची जुनी माणसं म्हणतात, त्या दिवशी घरी येऊन गेलेले पितर परत निघतात. तिथी मिळाली होती. खाली येऊन मी इमारतीखालच्या बाकावर बसले आणि कॉलिंग कार्डावरून आत्याला फोन लावला.

"शिळा सण," ती दोनदा पुटपुटली. मग म्हणाली, "तिथे तेव्हा म्हटली का गं कोणी काद्दिश? दहा जण होते?"

"होते," मी ओरडलेच.

"ओरडतेस काय? चांगली माणसं भेटली म्हणायची बाबांना. देव त्यांचं भलं करो."

मी दातओठ खात आमेन म्हटलं.