येसूवहिनीचं कागदावरचं घर

येसूवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या बाजारात होतो. तिची मुलगी सुनंदा, “काका, आई गेली,” एवढंच बोलली. त्याला आता दीड महिना झाला. या दिवसांत एकच गोष्ट मनात घोळते आहे आणि ती माझ्या भित्रेपणाची आहे. ती टाळून वहिनीबद्दल लिहिणं खोटं ठरेल.

येसूवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ लवकर गेला. भातशेती आणि मुलगी तिनं एकटीनं सांभाळली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. एका उन्हाळ्यात डोंगरावरून वणवा उतरला आणि शेणव्याकडचा आमचा पाडा भर दुपारी जळून गेला. कुडाची, गवती छपराची घरं. उरली ती नुसती जोती. अकरा कुटुंबांना रस्त्याकडेच्या गायरानात पत्र्याच्या शेडी मिळाल्या. “चार महिन्यांची सोय,” असं सांगितलं होतं. तिसरा पावसाळा उलटला तरी माणसं तिथंच. उन्हात पत्रा तापून आत बसवत नसे, पावसात जमिनीतून पाणी वर येई, आणि सगळ्यांत मिळून संडास एक.

मी तालुक्याला राहायचो, आणि तिथल्या ज्या कचेरीत कारकून होतो तिच्याकडेच हे पुनर्वसनाचं काम होतं. वहिनी दर महिन्याला तक्रारीचा अर्ज घेऊन यायची. लिहून घ्यायची ती शाळेतल्या मास्तरांकडून, माझ्याकडून कधीच नाही. माझ्या टेबलासमोर अनोळखी बाईसारखी उभी राहून पोच मागायची. माझ्या नोकरीची काळजी मला होती त्याहून तिला जास्त.

एके दिवशी फाइल लावताना एक कागद हाती आला. अकराही कुटुंबांना पक्की घरं दिली, शेडी रिकाम्या करून घ्याव्यात, असा शेरा आणि खाली साहेबांची सही. प्रत्यक्षात एकही घर बांधलं नव्हतं; अर्ज कुठं मुरत होते ते कळलं. संध्याकाळी सायकलवरून शेडीवर गेलो आणि वहिनीला सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“भावजी, त्या कागदाची नक्कल भेटंल?”

मी मान खाली घातली. “वहिनी, माझी नोकरी जाईल.”

“मंग ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

आठ दिवसांनी साहेब जीप घेऊन शेडीवर आले. बरोबर दोन पोलीस, आणि रजिस्टर धरून मी. वहिनी दारात उभी होती, मागं बाकीची माणसं.

“मुदत संपली. जागा सोडा,” साहेब म्हणाले.

“सोडतो ना. आमाला घरं दिल्याची सही केली ना तुमी?”

साहेबांचा चेहरा बदलला. “कुणी सांगितलं तुला?”

मी रजिस्टर उघडून त्यात डोकं घातलं. वहिनीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “सांगाया कशाला लागतं? तुमी काढाया आले, म्हंजे कुठं तरी घर दिलंच असंल. तुमी पुढं चाला, मी मागून येते. माझं दार दाखवा, एक शब्द बोलनार नाय.”

जीपचं इंजिन चालूच होतं. साहेबांनी पोलिसांकडे पाहिलं, पोलिसांनी जमिनीकडे… शेवटी ते मला म्हणाले, “पंचनामा लिहा. कुटुंबं अजून शेडीत आहेत.”

मी लिहिलं. त्याखाली आणखी एक ओळ घातली, साहेबांनी न सांगितलेली: ‘पक्की घरं जागेवर आढळली नाहीत.’ साहेबांनी न वाचताच सही केली.

दोन महिन्यांत माझी बदली मुरबाडला झाली. त्या ओळीवरून वर चौकशी लागली; तरी घरं मिळायला दोन वर्षं गेली. वहिनीनं त्या नकलेचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

दहाव्याला तिच्या पक्क्या घरी गेलो होतो. सुनंदानं माळ्यावरून दोन बोचकी उतरवली, शेडीतून आणली तशीच बांधलेली. वणव्यात काळी पडलेली पितळेची भांडी, गोधड्या, घडीही न मोडलेलं लुगडं. पक्क्या घरात आल्यापासून वहिनी एका टोपात, एका ताटात भागवत राहिली होती.

“कितींदा म्हटलं, आये, आता काढ, आपलंच घर हाय,” सुनंदा म्हणाली. “तर म्हनायची, ऱ्हाऊ दे गो. परत उठवाया आले तर बांधाया टाइम नाय भेटनार.”