फेसाचे मोल

उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेत अभिनंदन उपाध्ये मॉलिब्डेनाइटवर संशोधन करीत. हे काळे, तुळतुळीत खनिज अंगाला पाणी लागू देत नाही. दळून पाण्यात घुसळले की फेसाला चिकटून वर येते. सारे मोल त्या फेसात.

“मष्णू, फेस काढून टाक,” असे मदतनिसाला सांगून ते जेवायला गेले. मष्णूची हयात गुऱ्हाळात रसावरची मळी काढून फेकण्यात गेलेली. त्याने फेस मोरीत ओतला.

प्रयोगशाळेचे मोठे साहेब त्याला कामावरून काढू लागले, तेव्हा तो अभिनंदनना म्हणाला, “अण्णा, तुमीच सांगा की, काय म्हणालता ते.”

“काढून ठेव म्हणालो होतो,” अभिनंदन जमिनीकडे पाहत खोटे बोलले.

“व्हय, माझा कानच गुऱ्हाळातला,” म्हणत मष्णूने आपला जेवणाचा डबा उचलून वाट धरली.

दुसऱ्या दिवशी नव्या मदतनिसाला सांगताना ते ‘फेस काढून’पर्यंत आले आणि ‘ठेव’ न म्हणताच थांबले. शेवटी फेस त्यांनी स्वतःच काढला.